बार्शीची छोटी गाडी आणि आकाशातली छत्री

हातरुमालाच्या चार टोकांना चार दोरे बांधायचे, दोऱ्यांच्या खालच्या टोकांना एक खडा अडकवायचा, सगळ्याचे पुडके करायचे आणि गच्चीवरून वर भिरकावून द्यायचे. हा खेळ न खेळलेले मूल विरळाच. कधी रुमाल झकास फुलतो आणि खडा डुलत डुलत अंगणात उतरतो. कधी मात्र तोच रुमाल, तोच खडा, तेच दोरे असूनही पुडके पुडकेच राहते आणि खडा धप्पकन खाली येतो. पोरे म्हणतात, ‘उघडलंच नाही!’

उघडते कधी आणि उघडत नाही कधी? हे कोडे फक्त पोरांचे नाही. पहिल्या महायुद्धात ते हजारो वैमानिकांच्या जिवाशी जोडलेले होते. त्याच्या मागे ज्या माणसाने आपले उत्तरायुष्य घालवले, तो बार्शीला परका नव्हता. कुर्डूवाडी ते बार्शी ही अरुंद रुळांची गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉपनेच पुढे ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षक देवदूत, नावाची हवाई छत्री तयार केली. बार्शी लाइट रेल्वेच्या आठवणी सोलापूर, धाराशिव, लातूर या भागांत अजून निघतात. तिच्या कर्त्याची दुसरी ओळख मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

पाच टनांचा हिशेब

कॅलथ्रॉपचा जन्म १८५७ चा, इंग्लंडमधला. १८८२ मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या ‘जीआयपी’त, नोकरीला आला. मुंबईहून मद्रासकडे जाणारा जीआयपीचा मोठा लोहमार्ग बार्शीला बगल देऊन जात होता. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची भरभक्कम बाजारपेठ, पण तिचे स्टेशन एकवीस मैल दूर कुर्डूवाडीला. त्या स्टेशनाचे नावच ‘बार्शी रोड’ होते. मधला सगळा व्यवहार बैलगाड्यांचा. काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीचे चाक कसे रुतते, ते या भागात कोणाला सांगायला नको.

मोठ्या रुळांचा फाटा टाकायचा तर खर्च परवडणारा नव्हता. कॅलथ्रॉपने प्रश्न उलटा घातला. रूळ महाग का पडतात? कारण त्यांना इंजिनाचे वजन पेलावे लागते. आणि रुळाला त्रास एकूण वजनाचा होत नाही, एका आसाखाली एका जागी किती वजन येते त्याचा होतो. चिखलातून चालताना पाय रुतत असेल तर माणूस फळी टाकतो. वजन तेच राहते, पण ते अधिक जागेवर वाटले जाते आणि पाय वर राहतो. कॅलथ्रॉपने रेल्वेखाली अशीच ‘फळी’ घातली. इंजिन असो की डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, हा त्याचा नियम. इंजिन ताकदवान हवे असेल तर त्याला अधिक चाके द्यायची आणि वजन त्यांच्यात वाटायचे. बार्शीच्या पहिल्या इंजिनांना ओढणारी आठ चाके होती, ती त्यामुळेच. डबे ठोकलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटीचे. वजनाने हलके आणि माल भरपूर घेणारे. रूळ हलके, पूल हलके, वळणे घट्ट, रुळांमधले अंतर फक्त २ फूट ६ इंच.

परवानग्या आणि भांडवल मिळवण्यात बरीच वर्षे गेली. कंपनी स्थापन झाली १८९५ मध्ये आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी धावू लागली. पुढे मार्ग एका बाजूला पंढरपूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत वाढला. वारीच्या दिवसांत वारकऱ्यांची प्रचंड गर्दी या हलक्या रुळांनी वाहिली. बार्शीत सिद्ध झालेला हिशेब मग इंग्लंडला गेला: स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचा अभियंता कॅलथ्रॉपच होता आणि तिथल्या एका इंजिनाला त्याचेच नाव दिले होते. विद्या विलायतेहून इकडे येते, असे मानण्याच्या त्या काळात ही उलटी वाट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

मित्राचा मृत्यू

१२ जुलै १९१०. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथला विमानांची जत्रा भरली होती. रोल्स-रॉइस या नावातला रोल्स, म्हणजे चार्ल्स रोल्स, राइट बंधूंच्या बनावटीचे विमान उडवत होता. उतरण्याच्या बेतात असताना शेपटीचा भाग मोडला आणि विमान कोसळले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला तो पहिला ब्रिटिश माणूस. रोल्स कॅलथ्रॉपचा मित्र होता.

या अपघाताने कॅलथ्रॉपला हवाई छत्रीकडे वळवले. आता एक बारकावा पाहा. रोल्स पडला तेव्हा तो जेमतेम शंभर फुटांच्या आत होता. इतक्या उंचीवरून जमीन गाठायला वस्तूला दोन-अडीच सेकंद लागतात. त्या काळची कोणतीही छत्री इतक्या वेळात उघडली नसती. म्हणजे मित्राला वाचवू शकेल अशी छत्री करायची, तर ‘हळू उतरवणारी’ एवढे तिचे वर्णन पुरेसे नव्हते. ती ताबडतोब आणि हमखास उघडायला हवी होती. कॅलथ्रॉपच्या पुढच्या सगळ्या खटपटीचा रोख या एका गोष्टीवर आहे.

कापड माणसाला तोलते कसे?

हवा दिसत नाही म्हणून ती हलकी वाटते. पण धावत्या एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढला की तिचा धक्का कळतो. हात आडवा, चाकूच्या पात्यासारखा धरला तर धक्का कमी. तळवा समोर केला तर हात मागे ढकलला जातो. म्हणजे हवेचा अडथळा समोर आलेल्या पसाऱ्यावर अवलंबून असतो. गाडीचा वेग वाढला की तो आणखी वाढतो, आणि नुसता वाढत नाही: वेग दुप्पट झाला तर अडथळा चौपट होतो, तिप्पट झाला तर नऊपट.

उंचावरून पडणारा माणूस आधी वेग घेत जातो. वेग वाढतो तसा हवेचा अडथळाही वाढतो. एका क्षणी अडथळा आणि माणसाचे वजन सारखे होते. तिथून पुढे वेग वाढत नाही. छत्रीशिवाय पडणाऱ्या माणसाचा हा स्थिर वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात असतो. त्या वेगाने जमिनीला भिडणे म्हणजे मरण.

आता त्याच माणसाच्या डोक्यावर आठ-साडेआठ मीटर व्यासाचे रेशमी छत धरा. समोरचा पसारा एकदम कित्येक पटींनी वाढला. तेवढाच अडथळा आता फार कमी वेगाला मिळतो. ऐंशी किलोच्या माणसाचा हिशेब केला तर स्थिर वेग सेकंदाला साधारण साडेपाच मीटर येतो, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आत. पाच फुटी भिंतीवरून उडी मारली तर पायांना जेवढा दणका बसेल, तेवढाच इथे बसतो. घोटा मुरगळेल, पण जीव राहील.

छताच्या मधोमध भोक ठेवतात, तेही उगीच नाही. फ्रान्सच्या आंद्रे-जाक गार्नरँने १७९७ मध्ये पॅरिसवर बलूनमधून छत्रीने उडी मारली, तेव्हा तो घड्याळाच्या लंबकासारखा भयंकर झोके खात उतरला. छताखाली कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते. कधी डाव्या कडेने निसटते, कधी उजव्या, आणि प्रत्येक वेळी छत कलते. मध्ये धुराडे ठेवले की हवेला एक ठरलेली वाट मिळते आणि झोके कमी होतात.

माणसाला तोलण्याचा प्रश्न असा महायुद्धाच्या शंभर वर्षे आधीच बऱ्यापैकी सुटला होता. आपल्याकडेही हे खेळ पाहिलेले लोक होते. १८८९ मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजाने मुंबईत आणि कलकत्त्यात बलूनमधून छत्रीने उतरण्याचे प्रयोग केले आणि कलकत्त्याच्या रामचंद्र चटर्जींनी त्याच्याकडून ही विद्या उचलली.

गाठ कुठे बसते

मग विमानाला अडचण काय होती? बलूनवाल्यांची छत्री घडी केलेली नसे. ती बलूनच्या कडेला लांबलचक, सुटी लोंबत असे. माणूस सुटला की खालून हवा शिरायची आणि ती फुलायची. बलून वाऱ्याबरोबर वाहत असल्यामुळे भोवतालची हवाही शांत. शिवाय खेळ करणारा माणूस आपल्या सोयीच्या उंचीवरून, ठरवून उडी मारत असे.

विमानात यातले काहीच नाही. तिथे छत्री लोंबती ठेवली तर वारा तिच्या चिंध्या करील. तिची घडी करून ती कशात तरी बंद करावी लागते, आणि घडी आली की गाठ आली. दोऱ्या दोऱ्यांत अडकतात, दोऱ्या कापडाला विळखा घालतात, तोंड मिटलेलेच राहते. गच्चीवरचा खडा धप्पकन का पडतो, त्याचे उत्तर हेच. रुमालाच्या तोंडात हवा शिरायच्या आधीच दोऱ्यांनी त्याला आवळलेले असते.

नऊवारी नेसणारी बाई निऱ्या घालते तेव्हा कित्येक हात कापड चार बोटांत बसते, पण एकही पदर दुसऱ्यात गुंतत नाही. ओढले की एकेक निरी क्रमाने सुटते. छत्रीची घडी अशीच असावी लागते: थोड्या जागेत मावणारी आणि एका ओढीसरशी, ठरलेल्या क्रमाने, सुटणारी. कॅलथ्रॉपने महायुद्धाच्या तोंडावर ज्या रचनेवर काम सुरू केले, तिचे मर्म यात आहे. त्याची रेशमी छत्री वैमानिकाच्या पाठीवर नव्हती. ती विमानाच्या पोटाखाली एका डब्यात बसवलेली असे. कापड आणि दोऱ्या एकमेकांत शिरू नयेत अशी त्यांची वेगवेगळी मांडणी. डब्यातून आलेली दोरी वैमानिकाच्या अंगातल्या पट्ट्यांना जोडलेली. माणसाने उडी टाकली की त्याच्याच वजनाने छत्री डब्यातून ओढली जाई आणि फुलत असतानाच विमानापासून सुटी होई. घाबरलेल्या, जखमी झालेल्या माणसाने काहीही करायची गरज नव्हती. फक्त बाहेर पडायचे.

बार्शीचा रेल्वेवाला इथे ओळखू येतो. तिकडे वजन चाकांत वाटले, इकडे दोऱ्यांत. तिकडे इंजिनाचे वजन ही अडचण होती आणि त्याने तिच्यावर तोड काढली. इकडे पडणाऱ्या माणसाचे वजन हेच संकट होते आणि छत्री उघडण्याचे काम त्याने त्या वजनालाच दिले.

१३ जानेवारी १९१७ रोजी इंग्लंडमधील ऑरफर्ड नेस या प्रयोगतळावर न्यूझीलंडचा वैमानिक क्लाइव्ह कॉलेट याने बी.ई.२सी जातीच्या विमानातून या छत्रीने उडी मारली. उंची होती सहाशे फूट. छत्रीविना ते अंतर सहा सेकंदांत संपले असते. छत्री उघडली आणि कॉलेट सुखरूप उतरला. (हाच कॉलेट वर्ष संपायच्या आत, जर्मनांकडून हाती लागलेले एक विमान उडवताना मेला.) त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मेजर ऑर्ड-लीज याने तर लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी घेतली. शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत बर्फात अडकून जिवंत परतलेला हा गडी. पूल दीडशे फुटांच्या आसपास उंच, म्हणजे हातात सेकंद फक्त तीन. तेवढ्यातही छत्री उघडली. वरिष्ठांचे डोळे उघडावेत, हाच या उडीचा हेतू होता.

फुग्यातल्याला छत्री, विमानातल्याला नाही

पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजू जमिनीला दोरखंडाने बांधलेले मोठे फुगे हजारभर मीटर वर सोडत. टोपलीत बसलेला टेहळ्या दुर्बिणीतून शत्रूच्या तोफा हेरून टेलिफोनवर खाली सांगे. फुग्यात हायड्रोजन, म्हणजे एक जळती गोळी लागली की आगीचा डोंब. म्हणून या टेहळ्यांना ब्रिटिशांनी छत्र्या दिल्या आणि त्या छत्र्यांनी कितीतरी जीव वाचवले.

त्याच आकाशात, त्याच सैन्याच्या विमानात बसलेल्या वैमानिकाला मात्र छत्री नव्हती. विमाने लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेली, पेट्रोलची टाकी बसणाऱ्याच्या अगदी जवळ. आग लागली तर जळायचे किंवा उडी टाकून मरायचे.

असे का? काही कारणे खरोखर तांत्रिक होती. छत्रीचे वजन आणि पोटाखालच्या डब्याचा हवेला होणारा अडथळा यांनी विमान मंदावे. तेव्हाच्या इंजिनांची ताकद बेतास बात, आणि लढाईत थोडासा वेग कमी पडला तरी प्राणावर बेते. गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानाच्या शेपटीत दोरी अडकण्याची भीती होतीच. फुगा जागच्या जागी उभा असतो, विमान ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. धावत्या गाडीतून पोते टाकणे आणि उभ्या गाडीतून टाकणे यांत जेवढा फरक, तेवढा इथे होता.

पण आणखी एक समज वरिष्ठांमध्ये होता असे वारंवार सांगितले जाते: हाताशी छत्री असली तर वैमानिक लढायचे सोडून विमान टाकून देतील. ज्यांना चढाईवर पाठवले जात होते त्यांच्याबद्दल असा विचार करणे अन्यायाचे होते. आणि हिशेबानेही ते चूक होते. विमान कारखान्यात काही आठवड्यांत तयार होते. मुरलेला वैमानिक तयार व्हायला कित्येक महिने लागतात, आणि तो मेला तर त्याचा अनुभव त्याच्याबरोबरच जातो.

| छत्री उघडते तेव्हा: क्रम कसा असतो |
|---|
| आधी दोऱ्या पूर्ण ताणल्या जातात, मग कापड घडीतून बाहेर येते. क्रम उलटला तर गुंता होतो. |
| कापडाच्या तोंडात हवा शिरते. तोंड मिटलेले राहिले तर छत्रीचा नुसता लांबट बोळा फडफडत राहतो. |
| छत फुलते आणि माणसाला वर हिसका बसतो. पडण्याचा वेग जितका जास्त, तितका हिसका मोठा. |
| वेग घटून स्थिर होतो आणि तिथून जमिनीपर्यंत तो जवळपास तेवढाच राहतो. |

जून १९१८ चा शेवटचा आठवडा

ब्रिटिशांच्या हवाई दलात त्या युद्धात भारतीय वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतला एक मुंबईचा, श्रीकृष्ण वेलिणकर. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये तो सॉपविथ डॉल्फिन हे एकआसनी लढाऊ विमान उडवत असे. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर असताना त्याचे विमान पाडले गेले. जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती सापडला आणि ३० जूनला मरण पावला. फ्रान्समधील हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

मधल्याच दिवशी, २९ जूनला, त्याच आघाडीवर जर्मन वैमानिक अर्न्स्ट उडेट याचे फोकर विमान एका फ्रेंच विमानाने निकामी केले. उडेट उठून बाहेर पडला. पडता पडता त्याच्या अंगातले पट्टे शेपटीच्या सुकाणूत अडकले. त्याने झटापट करून स्वतःला सोडवले. जमीन जेमतेम ऐंशी मीटरवर आली असताना छत्री उघडली. उडेटचा घोटा मुरगळला, एवढेच. जर्मनांनी त्या वर्षी हाइनेके नावाची छत्री आपल्या वैमानिकांना द्यायला सुरुवात केली होती. तीही विमानाला बांधलेल्या दोरीने उघडणारी होती, तिच्यातही दोष होते आणि काही जण छत्री असूनही मेले. पण उडेट जगला.

वेलिणकर छत्रीने वाचला असता की नाही, हे ठरवणे आज कोणाच्याच हातात नाही. त्याला ती संधी मिळाली नाही, एवढे मात्र खरे. तीन आठवड्यांनी, २२ जुलैला, कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय फ्रान्सवर जळत्या विमानासह कोसळला. त्या महिन्याच्या अवघ्या काही दिवसांत त्याने शत्रूची दहा विमाने पाडली होती. वय वर्षे एकोणीस. छत्री त्याच्याकडेही नव्हती.

ब्रिटिशांकडे छत्रीच नव्हती, असे मात्र नाही. तिचा वापर गुप्तहेरांसाठी होत होता. ऑगस्ट १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर विल्यम बार्कर आणि विल्यम वेजवुड बेन यांनी रात्रीच्या अंधारात आलेस्सांद्रो तांदुरा या इटालियन लेफ्टनंटला ऑस्ट्रियन फौजांच्या मागे सोडले. छत्री होती कॅलथ्रॉपची. विमानाच्या तळाला झडपेचा दरवाजा केला होता. खटका ओढायचे काम हेराकडे नव्हते, ते बेनकडे होते. अंधारात शून्यात पाय टाकताना कोणाचाही धीर सुटेल, हे ओळखून केलेली ही व्यवस्था. तांदुरा नीट उतरला आणि कामगिरी फत्ते करून परतला. हाच वेजवुड बेन पुढे १९२९ ते १९३१ या काळात ब्रिटनचा भारतमंत्री होता. दांडीयात्रा आणि सोलापुरातला मार्शल लॉ, दोन्ही त्याच्याच कारकिर्दीतले.

वैमानिकांनाही छत्री द्यावी, या दृष्टीने ब्रिटिशांची हालचाल युद्धाच्या अगदी अखेरीस सुरू झाली. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले.

दोरी स्वतः ओढायची

कॅलथ्रॉपच्या छत्रीत एक मर्यादा मुळातच होती. ती विमानाला बांधलेली होती. विमान सरळ उडत असेल तर ठीक. ते गिरक्या घेत असेल तर दोरी कुठे गुंडाळली जाईल, याचा भरवसा नाही. ज्या क्षणी छत्री सर्वांत जास्त हवी, त्याच क्षणी ती सर्वांत बेभरवशाची.

उपाय साधा होता: छत्री माणसाच्याच अंगावर बांधा, त्याला विमानापासून पूर्ण दूर होऊ द्या आणि मग त्यालाच दोरी ओढू द्या. पण वेगाने पडणाऱ्या माणसाची शुद्ध हरपते, त्याला हात हलवता येणार नाही, असा समज पक्का होता. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत ओहायोतील मॅकुक फील्डवर लेस्ली अर्व्हिन याने उडी मारली, आधी मोकळा पडला, मग स्वतः दोरी ओढली. छत्री फुलली. उतरताना घोटा मोडला, शुद्ध मात्र शाबूत होती. या एका उडीने तो समज संपला.

या नव्या छत्रीत एक छोटी युक्ती आहे. दोरी ओढल्यावर आधी बाहेर उसळते ती एक चिमुकली छत्री. ती वाऱ्यात चटकन भरते आणि मोठ्या छत्रीला घडीतून खेचून काढते. हीच युक्ती आजही वापरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रोने गगनयानाच्या कुपीची चाचणी घेतली, तेव्हा ती समुद्रात उतरवायला एकूण दहा छत्र्या एकापाठोपाठ एक कामाला लागल्या. आग्र्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत घडलेल्या या छत्र्यांत काही झाकण काढणाऱ्या, काही वेग मोडणाऱ्या, काही मोठ्या छत्रीला ओढणाऱ्या आणि शेवटी तीन मुख्य.

छत्रीने जीव वाचलेल्यांचा १९२२ पासून एक संघ आहे, त्याचे नाव कॅटरपिलर क्लब. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. ज्या रेशमाने जीव तोलला, ते विणणाऱ्या किड्याची ती आठवण.

मग प्रवाशांना का देत नाहीत?

प्रवासी विमानात आसनाखाली पाण्यात तरंगायचे जॅकेट असते, छत्री नसते. हा प्रश्न पहिल्यांदा विमानात बसणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. उत्तर वर येऊन गेलेल्या हिशेबांतच आहे. बहुतेक अपघात विमान चढताना किंवा उतरताना होतात, म्हणजे छत्रीला लागणारी उंची आणि वेळ दोन्ही नसतात. उंचावर असताना विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे. गाडीतून हात बाहेर काढताना जाणवलेला धक्का आठवा: ताशी शंभरच्या तुलनेत आठशेला वेग आठपट, म्हणून अडथळा चौसष्टपट. दहा किलोमीटर उंचीवर हवा विरळ असते म्हणून तो बराच कमी भरेल, तरी साध्या माणसाच्या हाडांना तो झेपणारा नाही. तिथे थंडी उणे पन्नास अंशांची आणि प्राणवायू इतका कमी, की मिनिटभरात शुद्ध जाते. आतल्या हवेच्या दाबामुळे दरवाजा तर उघडतच नाही. आणि दोन-तीनशे माणसांनी, त्यांत म्हातारीकोतारी आणि तान्ही मुले आली, पट्टे चढवून रांगेने बाहेर पडायला जो वेळ लागेल, तेवढा वेळ विमान सरळ उडत असेल तर वैमानिकाला ते उतरवताही येते.

छोट्या विमानांसाठी मात्र वेगळी वाट निघाली आहे. सिरस या अमेरिकी बनावटीच्या चार-पाच आसनी विमानांत अख्ख्या विमानालाच छत्री असते. खटका ओढला की एक छोटा अग्निबाण तिला बाहेर खेचतो आणि माणसांसकट विमान खाली उतरते. छत्री विमानाला बांधलेली असावी, हा कॅलथ्रॉपचा आग्रह इथे निराळ्या रूपात परत आलेला दिसतो.

सन १९२७

ब्रिटिश हवाई दलाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अखेर छत्री स्वीकारली. ती अर्व्हिनची होती. वैमानिकाच्या बैठकीखाली गादीसारखी बसणारी, स्वतः दोरी ओढून उघडायची. कॅलथ्रॉपची रचना मागे पडली. त्याची मेहनत वाया गेली, असे म्हणणे बरोबर होणार नाही: विमानातून उतरून माणूस जिवंत राहू शकतो, हे ब्रिटनमध्ये दाखवून दिले ते त्याच्याच छत्रीने. पण ज्या वैमानिकांसाठी त्याने तिचा घाट घातला, त्यांच्या हाती ती युद्ध संपेपर्यंत आली नाही, ही खंत राहतेच.

उतारवयात तो घोड्यांमध्ये रमला. अरबी घोड्यांची पैदास हा त्याचा जुना शौक, आणि घोड्याला मारून नव्हे तर मैत्रीने वश करावे, या मताचे पुस्तकही त्याने १९२० मध्ये लिहिले. मार्च १९२७ मध्ये तो वारला. त्याच वर्षी बार्शी लाइटचा शेवटचा टप्पा पुरा झाला: पंढरपूरच्या पुढे रूळ मिरजेपर्यंत पोचले आणि एकवीस मैलांची गाडी दोनशे मैलांवर गेली. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली. पुढे एकेक करून सगळे टप्पे रुंद रुळांचे झाले. कुर्डूवाडीहून बार्शीकडे आता मोठी गाडी जाते, आणि पाच टनांची अट तिला लागू नाही.